तेहतीस वर्षं पेशीत लपलेला आरोपी

२९ जानेवारी १९५१ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, स्त्रीरोग विभागात, हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एक बाई आल्या. वय तीस, पाच मुलांची आई. पाळी नसताना रक्त जात होतं आणि आत गाठीसारखं काहीतरी हाताला लागत होतं. डॉ. हॉवर्ड जोन्स यांनी तपासलं तेव्हा गर्भाशयमुखावर नाण्याएवढी, चकचकीत, जांभळट गाठ दिसली. जरा धक्का लागला की रक्त यायचं. जोन्स यांनी या जागेचे कॅन्सर पुष्कळ पाहिले होते, पण हा रंग आणि हा पोत त्यांना नवा होता.

त्याहून जास्त खटकली ती जुनी नोंद. सप्टेंबर १९५० मध्ये याच रुग्णालयात हेन्रिएटांचं बाळंतपण झालं होतं. त्या वेळच्या नोंदीत गर्भाशयमुखाबद्दल वावगं काही लिहिलेलं नव्हतं, सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीतही नव्हतं. म्हणजे एकतर गाठ दोन्ही वेळा नजरेतून सुटली होती, नाहीतर ती विलक्षण वेगानं वाढली होती. जोन्स यांनी ही शंका लिहून ठेवली.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रेडियमचा उपचार झाला, नंतर क्ष-किरण. सुरुवातीला गाठ गेल्यासारखी वाटली, मग आजार शरीरभर पसरला. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, पहिल्या तपासणीनंतर जेमतेम आठ महिन्यांनी, हेन्रिएटा गेल्या. शवविच्छेदनात पोटात आणि छातीत ठिकठिकाणी गाठी सापडल्या.

हेन्रिएटांच्या गाठीतून काढलेल्या आणि आजही प्रयोगशाळांत वाढणाऱ्या पेशींची गोष्ट सहसा दोन अंगांनी सांगितली जाते: त्या पेशींनी विज्ञानाला काय दिलं, आणि त्या न विचारता कशा घेतल्या गेल्या. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. दुसरी तर आजही बोचते. पण या प्रकरणात तिसराही एक धागा आहे आणि तो बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. त्या बाईंना कॅन्सर झाला कशानं? उत्तर त्याच पेशींत होतं. जगभरच्या प्रयोगशाळांत रोज हाताळलं जात होतं, आणि १९८४ पर्यंत कुणाला दिसलं नव्हतं.

एकाच बाईच्या पेशी, दोन नमुने

रेडियम लावण्याआधी डॉक्टरांनी दोन छोटे तुकडे काढले, एक गाठीचा आणि एक शेजारच्या निरोगी भागाचा. दोन्ही जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेले. माणसाच्या पेशी शरीराबाहेर कायमच्या जगवायच्या, या ध्यासापायी गाय यांनी वर्षानुवर्षं घालवली होती आणि हाती काही लागलं नव्हतं. त्यांच्या सहायक मेरी कुबिसेक यांनी दोन्ही तुकड्यांचे बारीक चौकोन कापले, कोंबडीच्या रक्ताच्या गुठळीवर ठेवले आणि नळ्यांवर नाव-आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं लिहिली: हेला.

निरोगी पेशी काही दिवसांत मेल्या. गाठीतल्या पेशी दर चोवीस तासांनी दुप्पट होऊ लागल्या आणि थांबल्याच नाहीत.

मला या प्रकरणातला सगळ्यांत बोलका पुरावा हाच वाटतो. बाई एक, शरीर एक, आईबापांकडून आलेले जनुक तेच, नळी तीच, खाद्य तेच. तरी एक तुकडा मेला आणि दुसरा अमर झाला. दोघांत फरक काय होता, हा प्रश्न १९५१ सालीच टेबलावर पडलेला होता. पण तो विचारण्याची हत्यारं तेव्हा नव्हती आणि या पेशींचा दुसरीकडे उपयोग इतका होता की त्या आजारी का पडल्या, याकडे बघायला फुरसतही नव्हती.

चुकीचा संशयित

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा संसर्गाशी संबंध असावा, हा संशय जुना आहे. १८४२ मध्ये रिगोनी-स्टर्न या इटालियन डॉक्टरनं व्हेरोना शहरातल्या मृत्युनोंदी चाळल्या. गर्भाशयाचा कॅन्सर विवाहित बायकांत दिसत होता, नन्समध्ये मात्र क्वचितच. शरीरसंबंधातून काहीतरी येतंय, एवढा निष्कर्ष त्यातून निघत होता. ते काहीतरी म्हणजे काय, ते कळायला एकशे चाळीस वर्षं लागली.

विषाणूमुळे कॅन्सर होतो हे प्राण्यांमध्ये १९११ मध्येच दिसलं होतं. पेटन राउस यांनी कोंबडीची गाठ वाटून, गाळून, तिचा पेशीविरहित अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ झाली. त्यासाठीचं नोबेल त्यांना १९६६ मध्ये मिळालं. पंचावन्न वर्षं थांबायला लावणारी समिती काय विचार करत होती, देव जाणे.

माणसाच्या गर्भाशयमुखाच्या बाबतीत १९७० च्या दशकात सगळा संशय हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार २ या विषाणूवर होता. लैंगिक संबंधातून पसरतो, त्याच जागी होतो, रुग्णांच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण जास्त सापडतं. आरोपपत्र तयार होतं. जर्मन संशोधक हाराल्ड त्सूर हाउजन यांनी मात्र सरळ गाठींतच हर्पिसचा डीएनए शोधला आणि तो मिळेना. त्यांचा होरा वेगळा होता. जननेंद्रियांवरच्या चामखिळी क्वचित कॅन्सरमध्ये बदलल्याच्या जुन्या नोंदी होत्या, म्हणून त्यांनी चामखिळीच्या विषाणूवर, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरसवर (एचपीव्ही), बोट ठेवलं. बहुतेकांना ते पटलं नाही.

पद्धत ऐकायला सोपी आहे. विषाणूच्या डीएनएचा एक माहितीचा तुकडा घ्यायचा, त्याला किरणोत्सारी खूण लावायची आणि गाठीतून काढलेल्या डीएनएवर सोडायचा. डीएनएच्या लिपीतली जुळणारी अक्षरं असतील तिथं तो चिकटतो आणि फिल्मवर काळा पट्टा उमटतो. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला एचपीव्ही-१६ मिळाला, १९८४ मध्ये एचपीव्ही-१८. हा दुसरा प्रकार त्यांनी हेला पेशींवर ताडून पाहिला आणि पट्टा उमटला. हेन्रिएटांच्या पहिल्या तपासणीला तेहतीस वर्षं झाली होती. या कामासाठी त्सूर हाउजन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

इतकी वर्षं कुणाला दिसला कसा नाही? कारण हेला पेशी विषाणूचा एकही पूर्ण कण तयार करत नाहीत. विषाणू शोधायचा म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण शोधायचे, ही सगळ्यांची सवय. इथं कण नव्हतेच. गुणसूत्रात घुसलेले त्याच्या जनुकांचे मोडके तुकडे तेवढे होते. चोर सापडत नव्हता, कारण तो घराच्या भिंतीत चिणला गेला होता.

विषाणूला कॅन्सर नको असतो

हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं, पण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

एचपीव्ही-१८ ची सगळी जनुकीय शिदोरी ७,८५७ अक्षरांची, गोल कड्यासारखी. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात साधारण तीन अब्ज अक्षरं असतात. एवढ्याशा जागेत डीएनएची नक्कल करणारं यंत्र बसत नाही, ते विषाणू पेशीचंच वापरतो. बारीक खरचटलेल्या जागेतून तो त्वचेच्या किंवा श्लेष्मल आवरणाच्या सगळ्यांत खालच्या थरात शिरतो. तिथल्या पेशी विभागत असतात. पण नवे कण तयार करायचे असतात वरच्या थरात, म्हणजे गळून पडायच्या बेतात असलेल्या पेशींत. त्या पेशी विभागणं थांबवून बसलेल्या असतात, त्यांचं नक्कल-यंत्र बंद असतं.

मग विषाणू ते जबरदस्तीनं चालू करतो. त्याचं ई-७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी या ब्रेकला धरून निकामी करतं. ब्रेक सुटला की पेशी विभागणीच्या तयारीला लागते. अवेळी अशी तयारी झाली की पी-५३ नावाचं दुसरं प्रथिन जागं होतं आणि पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. त्याच्यासाठी ई-६ आहे. ते पेशीचंच एक एन्झाइम सोबत घेऊन पी-५३ वर कचऱ्याची चिठ्ठी लावतं, आणि पेशीची कचरा-व्यवस्था पी-५३ चे तुकडे करून टाकते.

या दोघांवर लगाम असतो ई-२ या तिसऱ्या प्रथिनाचा. कामापुरतं चालू, मग बंद. वरच्या पेशी नेहमीप्रमाणे गळतात, त्यांच्याबरोबर नवे कण बाहेर जातात. पेशी फुटत नाही, सूज येत नाही, विषाणू रक्तात उतरत नाही. रोगप्रतिकार यंत्रणेला सुगावा लागायला वेळ लागतो, पण लागतो: बहुसंख्य संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. हा अत्यंत सामान्य संसर्ग आहे. ज्या थोड्यांत तो ठाण मांडून बसतो त्यांच्यापैकी काहींना, तेही साधारण पंधरा-वीस वर्षांनी, कॅन्सर होतो. धूम्रपान आणि एचआयव्हीसारखी प्रतिकारशक्ती खच्ची करणारी अवस्था ही शक्यता वाढवतात.

म्हणून ‘विषाणू होता म्हणून कॅन्सर झाला’ हे अर्धंच खरं. १९९९ मध्ये जगभरच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या नमुन्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ९९.७ टक्के नमुन्यांत एचपीव्ही मिळाला. म्हणजे विषाणूशिवाय हा कॅन्सर जवळजवळ होतच नाही. उलट बाजूनं मात्र, विषाणू आला आणि कॅन्सर झाला, असं फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. संसर्ग झाल्याचं कळल्यावर माणसं हादरतात, ती ही दोन वाक्यं एकच समजल्यामुळे.

आठव्या गुणसूत्रावरची दुर्घटना

हेन्रिएटांच्या एका पेशीत काय झालं, ते आता बऱ्याच बारकाईनं सांगता येतं.

विषाणूचं गोल कडं तुटलं. ते जिथं तुटलं तिथं ई-२ चा जनुक होता. म्हणजे लगामच गेला; ई-६ आणि ई-७ शाबूत राहिले आणि त्यांना आवरणारं कुणी उरलं नाही. तुटलेला तुकडा पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये शिवला गेला. त्या क्षणी विषाणू म्हणून त्याचा खेळ संपला. आता तो बाहेर पडू शकत नव्हता, दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकत नव्हता. पेशी विभागेल तेव्हा तिच्या जनुकांबरोबर त्याचीही नक्कल होणार, एवढंच त्याचं आयुष्य. कॅन्सर ही एचपीव्हीसाठी बंद गल्ली आहे.

पण तो शिवला गेला कुठं? आठव्या गुणसूत्रावर, मिक नावाच्या जनुकापासून साधारण पाच लाख अक्षरांवर. मिक हा वाढीचा जनुक. तो अखंड चालू राहिला की पेशी वाढतच राहते. पाच लाख अक्षरं म्हणजे लांबचं अंतर वाटेल, पण पेशीकेंद्रकात डीएनए दोऱ्याच्या गुंड्यासारखा दुमडलेला असतो. २०१३ मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी दाखवलं की विषाणूचा तुकडा घुसलेला भाग दुमडून मिकला भिडतो, आणि आठव्या गुणसूत्राच्या ज्या प्रतीवर विषाणू बसला आहे नेमक्या त्याच प्रतीवरचा मिक जोरात चालतो.

(योगायोग असा की आफ्रिकेतल्या मुलांमध्ये दिसणाऱ्या बर्किट लिम्फोमा या कॅन्सरमध्येही हाच मिक बिघडतो. तिथला विषाणू वेगळा, एपस्टाइन-बार, १९६४ मध्ये सापडलेला. तो स्वतः मिकशेजारी जाऊन बसत नाही. बहुधा आठव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि मिक भलत्याच स्विचखाली येतो. रस्ते दोन, घर एकच.)

पी-५३ नाही, आरबी नाही, मिक सुसाट. शिवाय ई-६ आणि मिक दोघंही टेलोमरेज चालू करायला हातभार लावतात. हे एन्झाइम गुणसूत्रांची टोकं झिजू देत नाही. साध्या पेशी पन्नासेक विभागण्यांनंतर थकतात, या थकत नाहीत. वर दुरुस्तीची तपासणी करणारं कुणी नाही, त्यामुळे प्रत्येक विभागणीत चुका साठत गेल्या. आज हेला पेशीत ४६ ऐवजी साधारण ७६ ते ८० गुणसूत्रं असतात.

आता जोन्स यांच्या जुन्या शंकेकडे. १९५१ मध्ये गाठीचं निदान ‘एपिडर्मॉइड’, म्हणजे पृष्ठभागावरच्या पेशींचा कॅन्सर, असं झालं होतं. वीस वर्षांनी काचपट्ट्या पुन्हा पाहिल्यावर जोन्स आणि सहकाऱ्यांनी ते बदललं: हा ग्रंथीपेशींचा कॅन्सर होता, अ‍ॅडिनोकार्सिनोमा. तेव्हा एचपीव्ही-१८ चं नावही कुणाला माहीत नव्हतं. पुढे दिसून आलं की ग्रंथीपेशींच्या कॅन्सरमध्ये १८ क्रमांकाचा वाटा नेहमीपेक्षा जास्त असतो. असा कॅन्सर बऱ्याचदा गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत सुरू होतो, वरून बघणाऱ्याला दिसत नाही. बाळंतपणाच्या वेळी नोंद कोरी का होती, याचं उत्तर माझ्या मते इथं आहे: काही काळ गाठ दृष्टीआड असणार, आणि उघड्यावर आल्यानंतरचा वेग मिकचा.

काय पसरतं

इथं शब्दांचा घोळ होतो, म्हणून थांबायला हवं. माणसाकडून माणसाकडे पसरतो तो विषाणू. त्वचेच्या निकट स्पर्शानं, मुख्यतः शरीरसंबंधातून. शरीरात एका अवयवातून दुसरीकडे पसरतो तो कॅन्सर. कॅन्सरची गाठ रुग्णाच्या जोडीदाराला लागत नाही. गाठीतला विषाणू तर कुठंच जाऊ शकत नाही, तो शिवलेला आहे.

पण शरीरातल्या पसरण्यातही विषाणूची मदत असते, फक्त ती कण म्हणून नव्हे, जनुक म्हणून. आवरणातल्या पेशीला आपली वरची बाजू कुठली, खालची कुठली आणि शेजारी कोण, याचं भान असतं. हे भान राखणारी काही प्रथिनं आहेत. एचपीव्ही-१८ च्या ई-६ ला शेपटीसारखं एक टोक आहे. त्या टोकानं ते या प्रथिनांना पकडतं आणि पी-५३ सारखंच कचऱ्यात पाठवतं. भान गेलेली पेशी रांग सोडते. ई-६ आणि ई-७ मुळे नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारे संकेतही वाढतात. मग लसिकावाहिन्या, लसिकाग्रंथी, पुढे फुप्फुसं. दूरच्या अवयवात रुजलेल्या गाठीतही विषाणूचा तुकडा मूळ गाठीतल्याच जागी बसलेला मिळतो.

बाकीचे कॅन्सरकारी विषाणू याच साच्यातले नाहीत. हिपॅटायटिस बी यकृतपेशींच्या डीएनएत घुसतो, पण त्याचा मोठा हात दशकानुदशकं चालणाऱ्या सुजेमागे असतो. हिपॅटायटिस सी तर डीएनएत घुसतच नाही. २००८ मध्ये सापडलेला, त्वचेतल्या मर्केल पेशींच्या कॅन्सरमागचा विषाणू मात्र एचपीव्हीची आठवण करून देतो. तोही गाठीत मोडक्या अवस्थेत शिवलेला मिळतो.

हेन्रिएटांसाठी काय करता आलं असतं

१९५१ मध्ये? फार थोडं. गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन तपासण्याची पापानिकोलाऊ यांची पद्धत १९४० च्या दशकात पुढे आली होती, पण सर्रास वापरात नव्हती. नळीच्या आत दडलेला कॅन्सर त्या तपासणीतही सुटू शकतो. आज विषाणूचा डीएनए थेट शोधणारी चाचणी आहे, ती ही उणीव बरीच भरून काढते. अशा चाचण्यांची पारख करताना प्रयोगशाळेत ‘एचपीव्ही-१८ नक्की आहे’ असा नमुना म्हणून पुष्कळदा हेला पेशीच वापरतात.

२००६ मध्ये आलेली लस विषाणूच्या कवचाच्या एल-१ प्रथिनापासून बनते. ही प्रथिनं आपोआप जुळून पोकळ गोळे तयार होतात; आत डीएनए नाही, त्यामुळे संसर्ग नाही. शरीर त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि खरा विषाणू आला की त्याला दारातच अडवतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात, आणि ते दोन्ही पहिल्या लसीपासून यादीत आहेत. लस लवकर, शरीरसंबंध सुरू होण्यापूर्वी द्यायची, ती याचसाठी. एकदा तुकडा भिंतीत चिणला गेला की दारावरचा पहारेकरी काही करू शकत नाही. तरी २०२२ मध्ये जगभरात सुमारे साडेतीन लाख बायका या कॅन्सरनं गेल्या, त्यातल्या बहुतेक लस आणि तपासणी जिथं पोचत नाही अशा देशांतल्या.

संमतीचा प्रश्न तर या विषाणूच्या शोधालाही चिकटलेलाच होता. मार्च २०१३ मध्ये हेला पेशींचा संपूर्ण जनुकक्रम कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाला आणि टीकेनंतर मागे घेतला गेला. सिअ‍ॅटलचा अभ्यास, मिकचं कोडं सोडवणारा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला, पण त्याआधी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं कुटुंबाशी बोलून करार केला. आता हा जनुकक्रम पाहायचा तर ज्या समितीची परवानगी लागते, तिच्यात लॅक्स कुटुंबातले लोकही बसतात.

भिंतीतला आवाज बंद केला तर

एक शंका उरत होती. दशकानुदशकं बाहेर वाढलेल्या, डझनावारी जादा गुणसूत्रं जमवलेल्या या पेशींना विषाणूची अजून गरज आहे का? की त्यानं सुरुवात करून दिली आणि पुढचं सगळं बिघडलेल्या जनुकांनी सांभाळलं? बऱ्याच जणांना दुसरं जास्त संभवनीय वाटे.

एक धागा आधीच हाती होता. १९९१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी तपासल्या गेल्या, तेव्हा विषाणू असलेल्या पेशींत, हेलासकट, पी-५३ आणि आरबीचे जनुक धडधाकट आढळले. विषाणू नसलेल्या पेशींत तेच जनुक बिघडलेले होते. म्हणजे हेलामध्ये ब्रेक मोडलेले नव्हते, विषाणूनं अडवून धरलेले होते.

२००० मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड गुडविन आणि डॅनियल डिमायो यांनी हेलाला हरवलेला लगाम परत दिला. गाईच्या चामखिळीच्या विषाणूचा ई-२ जनुक त्यांनी या पेशींत सोडला. त्यानं भिंतीतल्या ई-६ आणि ई-७ चा आवाज बंद केला. पी-५३ पुन्हा साठू लागलं, आरबी कामावर आलं, डीएनएची नक्कल थांबली. पन्नास वर्षं न थांबलेल्या पेशी काही दिवसांत पसरट, मोठ्या, सुस्त झाल्या, आणि म्हाताऱ्या पेशी ओळखण्याचा रंग टाकल्यावर निळ्या झाल्या.